तेराव्याची रजा

मागच्या वर्षी पोलादपूरला माझे थोरले काका गेले. रात्री फोन आला, पहाटे पुण्याहून निघालो आणि आंबेनळी घाट उतरून सकाळी घरी पोचलो. दुपारी मोबाईलवर रजा टाकायला बसलो. कंपनीत ‘बिरीव्हमेंट लीव्ह’ तीन दिवसांची आहे. कोण गेलं ते यादीतून निवडायचं: आई, वडील, जोडीदार, मूल. काका यादीत नाहीतच! शेवटी साधी रजा टाकली.

तेव्हा आजोबांची गोष्ट आठवली. ते मुंबईला गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी काम करायचं. पणजी वारल्याची तार आली, ते एसटीने गावी आले आणि तेरावं उरकून परत गेले. तेवढे दिवस पगार शून्य. रजा मागायचा प्रश्नच नव्हता, कारण रजा असायला आधी नोकरी ‘आपली’ असावी लागते.

मग प्रश्न पडला, की युनियनवाल्या कामगारांना तरी ही रजा कुठून मिळते? थोडं खोदल्यावर गंमत कळली. कारखान्याच्या कायद्यात दुःखाची रजा कधी नव्हतीच.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मंजूर झाली. भरपगारी रजा कायद्यात यायला मात्र १९४५ उजाडलं. आणि इथे आपल्या महाडचा धागा जुळतो. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर पाणी प्यायलेले डॉ. आंबेडकर १९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्यांच्या काळात कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि वर्षभर सलग नोकरी केलेल्या प्रौढ कामगाराला १० दिवस पगारी सुट्टी मिळू लागली.

पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने हिशोब बदलला: वर्षात २४० दिवस काम, मग कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस रजा. पण कलम ७९ वाचा. रजेचा अर्ज किमान १५ दिवस आधी द्यायचा! आजारपण असेल तर ही अट माफ. मृत्यूचा उल्लेखच नाही. आता माणूस जाणार हे पंधरा दिवस आधी कोण लिहून देणार?

अडीअडचणीची सोय होती ती १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखाली. केंद्राच्या नमुना आदेशांत वर्षाला १० पर्यंत किरकोळ रजा, अचानक आलेल्या प्रसंगासाठी. पण ती पगारी असेलच असं नाही, आणि आजारपण सोडून एका वेळी तीन दिवसांपेक्षा जास्त नाही. शिवाय मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांत हजर होऊन समाधानकारक कारण दिलं नाही, तर नोकरीवरचा हक्क जायचा. तीन आणि आठ अकरा. तेरावं होईपर्यंत गावी थांबलेला माणूस कुठे सापडतो ते बघा.

म्हणून ही रजा जिथे आली तिथे ती बहुतेक करारातून आली. युनियन मागणीपत्र देते, बोलणी होतात, करार होतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात एक महत्त्वाचा फरक होता. दोघांनी आपसात केलेला करार फक्त त्या दोन पक्षांना लागू, पण समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार त्या कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना, युनियनचे सभासद नसलेल्यांनाही. मुदत संपली तरी कोणी नोटीस देईपर्यंत तो चालू राहायचा. म्हणजे एकदा लिहून घेतलेले तीन दिवस सहजासहजी जात नसत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या. पगारी रजेसाठी आता २४० ऐवजी १८० दिवस काम पुरतं. पण घरात कोणी गेलं तर वेगळी रजा? ती अजूनही नाही. ती करारातच लिहून घ्यावी लागते.

आणि करार बहुतेक वेळा कायम कामगारांपुरता असतो. आज महाड एमआयडीसीत काय किंवा दुसरीकडे काय, ठेकेदाराच्या पटावरचा माणूस त्यात सहसा बसत नाही. तो म्हणजे आजोबाच, फक्त गेटवर उभं राहायचं तेवढं वाचलं.

तुमच्यापैकी कोणी युनियनच्या कमिटीत असाल तर पुढच्या मागणीपत्रात चार गोष्टी नीट लिहा: दिवस किती, पगारी की बिनपगारी, मधली साप्ताहिक सुट्टी त्यात धरायची का, आणि नातेवाईक म्हणजे कोण. या शेवटच्या यादीवर जरा जास्त भांडा. माझे वडील लवकर गेले. माझी इंजिनिअरिंगची फी काकांनी भरली होती.