गोठ्याचा कोबा आणि मोरीचं तोंड

आमच्या गावात सध्या रोजगार हमीतून गोठ्यांची कामं चालू आहेत. शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेचा शासन निर्णय फेब्रुवारी २०२१ चा. त्यात दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याला ७७,१८८ रुपये धरलेत. २६.९५ चौरस मीटर जमीन, गव्हाण, २०० लिटरची पाण्याची टाकी आणि २५० लिटरचं मूत्रसंचय टाकं. चर्चा सगळी पत्रा कुठला घ्यायचा आणि बिल कधी निघणार याची. जमिनीबद्दल कुणी बोलत नाही. "कोबा टाकला की झालं." तसं होत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. जमिनीचा इतिहास आहे आणि तो वाचण्यासारखा आहे.

सुरुवात इंदूरपासून करतो. होळकरांचं इंदूर, त्यामुळे परकं नाही. तिथल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि रसायनाचं काम बघणारे यशवंत वाड या दोघांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली आणि १९३१ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. खड्डे, थर, पालटणी हे सगळं कृषी खात्याच्या पत्रकांतून आपल्याकडे आलं. पण त्या पद्धतीची सुरुवात खड्ड्यापासून होत नाही, गोठ्याच्या जमिनीपासून होते. ४० बैलांचा गोठा आणि खाली मुद्दाम माती. पक्की फरशी नको, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. जनावराला मातीवर बसायला बरं वाटतं, ऊब राहते आणि मूत मातीत मुरतं. दर तीन-चार महिन्यांनी वरची सहा इंच माती खणून काढायची, नवी भरायची. काढलेली माती बारीक करून खड्ड्यात थराथराला टाकायची. म्हणजे त्यांच्या हिशोबी गोठ्याची जमीन हीच मूत साठवायची टाकी होती.

आमच्या आजीच्या गोठ्यातही मुरूम चोपून केलेली जमीन होती आणि जनावरांखाली चघळ पसरलेलं असायचं. पण जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात त्या गोठ्यात पाय घोट्यापर्यंत रुतायचा. म्हशींचे खूर सडायचे, कास चिखलात लोळायची. इंदूरला माती बदलायला मजूर होते. घरोघरी ती सहा इंच माती कोण खणणार? बहुतेक घरांत ती कधीच बदलली जात नव्हती.

मग सिमेंट आलं. त्याचं मोठं उदाहरण मुंबई. शहरातले म्हशींचे तबेले बाहेर काढायचे म्हणून १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. हे काम दारा खुरोडींचं. पुढे १९६३ मध्ये त्यांना कुरियन आणि त्रिभुवनदास पटेलांसोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पक्की जमीन, ओळीने बांधलेल्या म्हशी, मागे नाली, पाणी मारून धुलाई. दुधाच्या स्वच्छतेसाठी हे चांगलंच होतं, यात वाद नाही. पण पक्की जमीन पीत नाही. तिच्यावरचं सगळं पाण्याबरोबर पुढे जातं. मुंबईच्या उपनगरांतल्या दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्यांमध्ये तबेल्यांचं शेणपाणी किती वर्षं जातंय हे तिकडे राहणाऱ्यांना विचारा. तबेला स्वच्छ, नदी घाण. मोरीचं तोंड कुठे उघडतं, हा प्रश्न जमीन बांधतानाच विचारायचा असतो, तो राहून गेला.

आता थोडं नेदरलँड्सकडे जाऊ. विषय तोच आहे, फक्त तिकडे पैसा आणि यंत्रं भरपूर होती, तरी काय झालं ते बघण्यासारखं आहे.

तिथे १९६० नंतर जाळीची जमीन पसरली. काँक्रीटच्या पट्ट्या, मधे फटी, खाली हौद. गाय चालते, शेण तिच्याच पायाने फटीतून खाली पडतं. झाडायला माणूस नको. मोठी सोय. अडचण अशी की हौदात शेण आणि मूत एकत्र झालं. मुतात युरिया असतो आणि शेणातल्या जिवाणूंकडे तो फोडणारा युरिएज. दोन्ही भेटले की काही तासांत अमोनिया तयार व्हायला लागतो. गोठ्यात डोळ्यांना झोंबतो तो वास हाच. अमोनिया वाऱ्याबरोबर जाऊन रानात, माळावर उतरतो आणि तिथल्या नाजूक वनस्पती जास्तीच्या नत्राने मरतात. शिवाय खताचं नत्र शेतकऱ्याच्या हातून गेलं ते वेगळंच.

मग इंजिनियर कामाला लागले. मूत लगेच वाहून जाईल अशा खाचांच्या जमिनी आल्या, फटींवर रबरी झडपा आल्या, शेण ओढणारे यंत्रमानव आले. अशा जमिनींना सरकारी यादीत अमोनियाचा कमी आकडा मिळायचा आणि त्या आकड्यावर परवानगी मिळायची. २०१९ मध्ये तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने एक साधा हिशोब मांडला. स्फुरद हवेत उडत नाही, नत्र उडतं. म्हणजे नव्या जमिनीने नत्र खरंच वाचवलं असेल, तर त्या गोठ्यांच्या खतात स्फुरदाच्या मानाने नत्र जास्त सापडायला हवं. अपेक्षेइतकं सापडलं नाही. त्याच वर्षी २९ मे रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने नत्रासंबंधीची सरकारी परवाना पद्धतच रद्द ठरवली. ऑक्टोबरमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगमध्ये धडकले. २०२२ मध्ये न्यायालयाने कमी अमोनियाच्या गोठ्यांच्या आकड्यांवरही भरवसा ठेवता येत नाही असं म्हटलं. ज्यांनी कर्ज काढून सरकारमान्य जमीन बसवली, ते शेतकरी यात अडकले. मला त्यांचा राग समजतो. खाच शेणाने बुजली, झडप झिजली की कागदावरची जमीन आणि गोठ्यातली जमीन वेगळी होते.

आता आपल्या २५० लिटरच्या टाक्याकडे या. मोठं जनावर दिवसाला धरा दहा लिटर तरी मुततं. सहा जनावरांचं झालं साठ. टाकं चार दिवसांत भरणार, तेही पाण्याचा थेंब न जाता. आणि आपण काय करतो? सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतून शेणासकट सगळं नालीत ढकलतो. टाकं त्याच दिवशी भरतं, मग वरून वाहतं. गेल्या महिन्यात मी चार नवे गोठे हिंडून पाहिले. दोन ठिकाणी टाक्याचा वरचा पाइप सरळ रस्त्याच्या गटारात काढलाय, एका ठिकाणी टाकं विहिरीच्या वरच्या अंगाला, वीस पावलांवर. चौथ्यात टाक्यात सरपण ठेवलंय, निदान ते कोरडं आहे!

कमी खर्चात जमतं ते सांगतो. कोब्याला चाळीस ते साठ फुटांना एक फूट ढाळ द्या, नालीकडे. कोबा गुळगुळीत घोटू नका, ओला असतानाच खाचा ओढा, नाहीतर म्हैस घसरते आणि खुबा जातो. पाणी मारायच्या आधी शेण कोरडंच उचला, मूत आपोआप नालीने टाक्यात जाऊ द्या. धुण्याचं पाणी वेगळ्या मोरीने परसातल्या केळीला किंवा गवताला सोडा. जागा असेल तर जनावरं दुपारी मुक्त गोठ्यात मातीवर सोडा, पण पावसाळ्यात तिथे चिखल होतो हे धरून चाला. टाक्यातलं चार दिवसांनी उकिरड्यावर पाचटात ओता, म्हणजे इंदूरच्या मातीचं काम पाचट करेल.

येत्या ग्रामसभेत माझं एवढंच मागणं आहे. गोठ्याचं मोजमाप घेताना लांबी-रुंदीबरोबर ढाळ मोजा, आणि टाक्याचा वरचा पाइप कुठे जातो ते स्वतः जाऊन पाहा. जमिनीवर एक बादली पाणी ओतलं की पाच मिनिटांत कळतं. बादली मी आणतो.