मारियसचा दुसरा पाय : फुगलेल्या शिरा आणि उष्णतेचा उपचार

१/ रोमन सेनानी गायस मारियस (इ.स.पू. १५७–८६) याच्या दोन्ही पायांवर फुगलेल्या शिरांचे जाळे होते. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला बांधण्याची तेव्हा रीत होती. मारियसने बांधून घेतले नाही. प्लुटार्क सांगतो, की एका पायाच्या शिरा कापल्या जात असताना तो हलला नाही, कण्हलाही नाही. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला, तेव्हा मात्र त्याने तो पुढे केला नाही. एवढ्या वेदनेच्या मोलाचा हा उपचार नाही, असे त्याचे मत झाले होते.

२/ किंब्री आणि ट्यूटन टोळ्यांना धूळ चारणाऱ्या पुरुषाने मांडलेला हा हिशेब होता. व्हेरिकोज व्हेन्सच्या रुग्णांना तो पुढे शतकानुशतके मांडावा लागला.

३/ इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससने दोन उपाय नोंदवले : शीर कापून काढणे किंवा डागणे. डागण्यासाठी कातडी चिरून शीर उघडी करायची आणि तापवलेल्या बोथट लोखंडाने बेताने दाबायची. जखमेच्या कडा भाजू नयेत, असेही तो बजावतो. उष्णतेने शीर बंद होते, हे ज्ञान इतके जुने आहे. अडचण होती ती भोवतालचे शरीर वाचवण्याची.

४/ शिरा मुळात फुगतात का? १६०३ साली पादुआच्या फॅब्रिसियसने शिरांमधील झडपांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, पण त्यांचे खरे कार्य त्याला उमगले नाही. ते उलगडले त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने, १६२८ साली : झडपा रक्ताला हृदयाच्या दिशेनेच जाऊ देतात. त्या निकामी झाल्या, की पायातील रक्त उलटे खाली उतरते, साचते आणि शीर फुगते.

५/ म्हणून उपाय मुळाशी करणे भाग होते. १८९० च्या सुमारास जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्ग याने मांडीतील मुख्य वरवरची शीर बांधून टाकली. १९०७ साली अमेरिकेत बॅबकॉकने शिरेत लवचीक सळई घालून ती अख्खी ओढून काढण्याची पद्धत मांडली. विसाव्या शतकात बराच काळ हीच प्रमुख शस्त्रक्रिया होती. भूल मिळाल्याने किंकाळ्या थांबल्या. काळेनिळे पाय आणि लांबलेली विश्रांती मात्र टळली नाही.

६/ सेल्ससची अडचण दोन साधनांनी सुटली. अल्ट्रासाउंडमुळे कातडी न चिरता शीर आणि तिच्यातील उलटा प्रवाह दिसू लागला. दुसरे साधन अनपेक्षित ठिकाणाहून आले. १९८७ साली जेफ्री क्लाइन या त्वचारोगतज्ज्ञाने चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी सौम्य केलेले भुलीचे औषध त्वचेखाली भरपूर प्रमाणात सोडण्याची रीत प्रसिद्ध केली. हेच द्रावण शिरेभोवती भरले, की जागा बधिर होते, शीर आक्रसते आणि त्वचा व नसांचे उष्णतेपासून रक्षण होते.

७/ १९९९ साली अमेरिकेत रेडिओफ्रीक्वेन्सी उपकरणाला मान्यता मिळाली. त्याच वर्षी स्पेनच्या कार्लोस बोने यांनी शिरेच्या आतून लेझर वापरण्याची पद्धत मांडली. सुईच्या छिद्रातून बारीक नळी शिरेत सरकवतात. रेडिओफ्रीक्वेन्सीच्या प्रचलित पद्धतीत तिचे ७ सेंटिमीटरचे टोक १२० अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि दर टप्प्याला २० सेकंद उष्णता देते. शिरेची भिंत आकसून ती बंद होते. रक्त खोलवरच्या निरोगी शिरांतून परतते.

८/ क्वचित त्वचा भाजणे, बधिरपणा किंवा रक्ताची गुठळी होणे हे धोके उरतातच. तरीही २०१३ साली ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने योग्य रुग्णांसाठी शस्त्रक्रियेच्या आधी या उपचाराची शिफारस केली. रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो.

९/ सेल्ससच्या हातातले तापलेले लोखंड आता शिरेच्या आत पोहोचले आहे आणि भोवतालच्या कडा भाजत नाहीत. आजचा मारियस कदाचित दुसरा पायही पुढे करील.