पायडलचलित यंत्रे

माणसाच्या पायांच्या जोरावर, बहुधा सायकलच्या पायडल-साखळीसारख्या रचनेतून चालणारी कामाची यंत्रे. धार लावणाऱ्याची सायकल हे यांतले रोजच्या पाहण्यातले उदाहरण. हातापेक्षा मांडीचे स्नायू मोठे, त्यामुळे पायडलवर अधिक शक्ती मिळते; तरीही धडधाकट माणूस सलग काम करताना सुमारे ७५ वॉट, म्हणजे जेमतेम एक दशांश अश्वशक्तीच देऊ शकतो. पाणी उपसणे, मक्याचे दाणे काढणे अशा हलक्या कामांना ती पुरते. ग्वातेमालातील माया पेडल ही संस्था जुन्या सायकलींपासून अशीच यंत्रे बनवते.

विटा पाडण्यासारख्या जड कामाला मात्र कित्येक अश्वशक्ती लागते. नागपूरचे अभियंते जे. पी. मोडक यांनी यावर काढलेली तोड खरोखर कल्पक आहे. मिनिटभर पायडल मारून जड फ्लायव्हीलला वेग द्यायचा, मग क्लच जोडून साठलेली ऊर्जा काही सेकंदांतच यंत्राकडे सोडायची. ऊर्जा तेवढीच (घर्षणात जाते ती वेगळी), पण वेळ कमी. म्हणून शक्ती वाढते. याच तत्त्वावर लाकूडकामाची यंत्रेही तयार झाली. अर्थात काम थांबत-थांबत होते, आणि भरवशाची वीज असेल तिथे छोटी मोटर सहज बाजी मारते.