विषाणूच्या नावातले कटरा

जून २००८. जम्मूमधील कटरा, म्हणजे वैष्णोदेवीच्या यात्रेचा पायथा. यात्रेकरूंना आणि त्यांच्या सामानाला पाठीवर वाहून नेणारी घोडी-खेचरे तापाने फणफणू लागली, खोकू लागली, त्यांच्या नाकांतून स्राव वाहू लागला. दोन दशकांच्या खंडानंतर घोड्यांचा इन्फ्लुएंझा भारतात परतला होता.

मात्र केवळ लक्षणांवरून हा रोग निश्चित करता येत नाही; घोड्याला ताप आणि खोकला इतर रोगांतही येतो. १८७२ मध्ये टोरांटोजवळ सुरू झालेल्या अशाच साथीने उत्तर अमेरिकेची वाहतूक ठप्प केली. त्या वर्षी बोस्टनला आग लागली तेव्हा बंब माणसांना ओढावे लागले. परंतु कारण कोणालाच ठाऊक नव्हते. घोड्यांतील इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रथम हाती लागला तो १९५६ मध्ये, प्राग येथे. तो एच७एन७ प्रकारचा होता. १९६३ मध्ये मायामीत एच३एन८ सापडला. पुढे पहिला प्रकार जवळजवळ दिसेनासा झाला. दुसरा आजही जगभर फिरतो आहे.

भारतात १९८७ च्या साथीत लुधियाना येथे एच३एन८ विलग करण्यात आला आणि हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने त्यापासून स्वदेशी लस तयार केली. म्हणूनच २००८ मध्ये कळीचा प्रश्न होता: हा तोच जुना विषाणू, की नवा?

उत्तरासाठी आजारी जनावरांच्या नाकातील स्रावाचे नमुने घेतले गेले. कोंबडीच्या भ्रूणयुक्त अंड्यांत विषाणू वाढवण्यात आला आणि हीमॲग्लुटिनिन या प्रथिनाच्या जनुकाचा अनुक्रम वाचला गेला. याच प्रथिनाच्या साहाय्याने विषाणू पेशीला चिकटतो आणि शरीराची प्रतिपिंडेही प्रामुख्याने त्यालाच ओळखतात. त्यात थोडे थोडे बदल साचत गेले, की जुन्या लशीने दिलेली ओळख अपुरी पडू लागते.

अनुक्रमांची तुलना केल्यावर कटऱ्याचा विषाणू अमेरिकी वंशातील फ्लोरिडा उपशाखेच्या दुसऱ्या गटात बसला. त्या काळी चीन आणि मंगोलियात आढळलेले विषाणू त्याचे निकटचे आप्त ठरले. फ्लोरिडा उपशाखा १९८७ नंतर वेगळी झालेली. तेव्हा लुधियानाचा विषाणू येथेच दबून राहून पुन्हा उफाळला, ही शक्यता मिटली. रोग बाहेरून नव्याने आला होता.

या निष्कर्षाचे मोल व्यवहारात दिसले. त्याच केंद्राने कटऱ्याच्या विषाणूपासून लस अद्ययावत केली. शर्यतीच्या घोड्यांना लस नियमित मिळते. यात्रामार्गावरच्या किंवा वीटभट्टीवरच्या खेचराला ती क्वचितच. या आजारात घोडे सहसा दगावत नाहीत, पण त्यांना कित्येक आठवडे पूर्ण विश्रांती लागते आणि तेवढे दिवस मालकाच्या घरची चूल अडते. विश्रांती न देता जनावर कामाला जुंपले, तर फुप्फुसांचा आजार बळावतो.

इन्फ्लुएंझा विषाणूच्या नावात तो जेथे सापडला त्या गावाची आणि वर्षाची नोंद असते. जगभरच्या अनुक्रमांच्या संग्रहात आज एक नाव आहे: ए/इक्वाईन/कटरा-जम्मू/०६/०८. नवी साथ येईल तेव्हा तिचा विषाणू ज्या नोंदींशी ताडून पाहिला जाईल, त्यांत ही खेचरांच्या वाटेवरची नोंदही असेल.