सागाचे दोन कीटक : ठाणे-कल्याण परिसरातील वाळवी व पतंग

ठाणे व कल्याण या बंदरांच्या इतिहासात व्यापारी, राजे व नाविक यांची नोंद झाली. तेथील सागवानाला मोल आणणाऱ्या एका क्षुद्र कीटकाची मात्र झाली नाही. तो कीटक म्हणजे वाळवी. तिला ‘पांढरी मुंगी’ म्हणण्याचा प्रघात सर्वस्वी चुकीचा होय. तिचे जवळचे नाते झुरळाशी आहे. ओडोंटोटर्मिस ओबेसस ही वारूळ रचणारी जाती चघळलेल्या लाकडावर बुरशी वाढवते व तिच्या साहाय्याने काष्ठ पचवते. आंबा वा सावर यांचे लाकूड तिच्यापुढे फार टिकत नाही. सागाचा गाभा मात्र त्यातील क्विनोनवर्गीय द्रव्यांमुळे ती सहसा टाळते. बाहेरचे पांढरट लाकूड तिला वर्ज्य नाही, हे सुतार जाणतात. वाड्यांच्या तुळया व खांब सागाचेच असावेत हा आग्रह बव्हंशी या अनुभवातून आला. जहाजांसाठी सागाचे इतरही गुण उपयोगी पडले. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी येथील खाडीत गलबते बांधविण्यास आरंभ केला. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात स्वराज्यातील साग परवानगीनेच तोडावा अशी ताकीद आली.

पतंगाची कथा निराळी आहे. लाकडाशी त्याला कर्तव्य नाही. त्याची अळी जिवंत पान खाते. पावसाळा सरता सरता येऊरच्या डोंगरावरील साग तपकिरी दिसू लागतो, तो युटेक्टोना मॅकेरालिस या लहानशा पतंगाच्या अळ्यांमुळे. शिरा तेवढ्या शिल्लक ठेवून त्या पानाची जाळी करतात. जंगल मेले, अशी हाकाटी मग होते. ती व्यर्थ आहे, कारण तोवर पानाचे त्या वर्षीचे कार्य बहुतेक उरकलेले असते. खरी हानी पावसाळ्याच्या प्रारंभी कोवळी पालवी फस्त करणारा हिब्लिया प्युएरा हा दुसरा पतंग करतो. केरळातील निलंबूर येथे १८४० नंतरच्या दशकात सागाची सलग लागवड सुरू झाली. तेथील तरुण लागवडीत त्याच्यामुळे काष्ठवाढीत सुमारे ४४ टक्के घट होते, असे १९८५ च्या सुमाराच्या संशोधनात आढळले. झाड मरत नाही, म्हणूनच हे नुकसान दीर्घकाळ हिशेबात आले नाही. वाळवीचे उपद्रव घरमालकास ताबडतोब दिसत. पतंगाचे उपद्रव वनखात्याने लाकडाची मोजणी सुरू केल्यावरच दिसू लागले. १९४१ मध्ये बीसन यांनी भारतीय वनकीटकांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा दोहोंनाही त्यात स्थान मिळाले.

येऊरच्या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडी पाने गळतात. पतंगाने सोडलेल्या त्या शिरांच्या जाळ्या वाळवी ओल्या मातीने मढवते आणि आतून खाऊन टाकते.