कोहिमाचे ऋण

१/ एकविसाव्या शतकाच्या आरंभी, वयाची ऐंशी ओलांडलेल्या काही ब्रिटिश माजी सैनिकांनी मुलांच्या शिक्षणासाठी निधी उभारण्यास प्रारंभ केला. ही मुले त्यांच्या देशाची नव्हती, नात्याचीही नव्हती. ती नागालँडची होती. या निधीमागे साठ वर्षांपूर्वीचे एक ऋण होते.

२/ मार्च १९४४. जपानी सैन्य चिंदविन ओलांडून भारतात शिरले. वाटेत सांगशाक येथे ५० व्या पॅराशूट ब्रिगेडने त्याला काही दिवस थोपवले. मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण तेथे लढली. त्या विलंबामुळे कोहिमाला तयारीस अवधी मिळाला.

३/ ४ एप्रिलला कोहिमावर हल्ला झाला. जनरल सातो यांच्या ३१ व्या डिव्हिजनपुढे जेमतेम दीड हजार लढवय्ये होते. पाणी तुटपुंजे, जखमी उघड्यावर. डेप्युटी कमिशनर चार्ल्स पॉसी यांच्या बंगल्याचे टेनिस कोर्ट हीच दोन्ही बाजूंमधली सीमा ठरली. २० एप्रिलपर्यंत वेढा फुटला. इंफाळचा रस्ता मात्र २२ जूनला मोकळा झाला.

४/ या डोंगरांत सैन्याच्या नकाशापेक्षा नागा वाटाड्याचा शब्द अधिक भरवशाचा होता. शत्रूच्या हालचालींची खबर नागांनी आणली. गोळाबारात जखमींना खांद्यावरून उतरवले. एप्रिलअखेर चौथ्या ब्रिगेडने खोनोमामार्गे पुलेबाद्झेच्या उतारावरून शत्रूच्या बगलेवर कूच केले; दारूगोळा आणि शिधा नागा भारवाहकांच्या पाठीवर होता. अनेकांनी त्याचा मोबदलाही नाकारला, असे जनरल स्लिम यांनी नमूद केले आहे.

५/ सर्वच नागा ब्रिटिशांच्या बाजूने नव्हते. पुढे नागा राष्ट्रवादाचे नेते झालेले फिझो आझाद हिंद फौजेच्या बाजूने गेले होते. दोन साम्राज्यांच्या या युद्धात नागांचे मत कोणी विचारले नव्हते. रणांगण मात्र त्यांचेच गाव झाले. कोहिमाची जुनी वस्ती तोफांनी उद्ध्वस्त झाली.

६/ आज गॅरिसन हिलवरील स्मशानभूमीत १४२० कबरी आहेत. दहन झालेल्या ९१७ हिंदू व शीख सैनिकांचे स्मारकही तेथेच आहे. दुसऱ्या ब्रिटिश डिव्हिजनची स्मारकशिळा नागांच्या परंपरेप्रमाणे उभी आहे. ती ओढून आणणारे हातही नागांचेच. तिच्यावरील प्रसिद्ध लेख घरी परतणाऱ्यांना मृतांची आठवण सांगण्यास बजावतो. नागांना परतायचे नव्हते. त्यांचे घरच तेथे होते, आणि ते पडले होते.

७/ हे शल्य ज्यांना जाणवले त्यांत कॅमेरून हायलँडर्सचे कॅप्टन गॉर्डन ग्रॅहम अग्रणी होते. युद्धानंतर ते काही वर्षे मुंबईत पत्रकारिता आणि ग्रंथव्यवसायात होते. पुढे ब्रिटनमध्ये नामवंत प्रकाशक झाले. दुसऱ्या डिव्हिजनच्या माजी सैनिकांनी ‘कोहिमा एज्युकेशनल ट्रस्ट’ स्थापन केला तेव्हा त्याचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. कोहिमातील सहयोगी संस्थेमार्फत नागा विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या.

८/ ज्यांनी जखमींना वाहून नेले, त्यांपैकी बहुतेक तोवर हयात नव्हते. त्यामुळे ही पूर्ण परतफेड म्हणता येणार नाही. तरी त्या वृद्धांनी आणखी एक शिळा उभारली नाही. शिळा गेलेल्यांची आठवण राखते. त्यांनी पैसा येणाऱ्यांच्या हाती दिला. सैनिक एकेक करून निघून गेले, पण न्यासाचे काम पुढच्या पिढीने चालू ठेवले.

९/ कोहिमाची लढाई अभ्यासताना सेनापतींची नावे सहज सापडतात. टेकडीवरून जखमीला उतरवणाऱ्याचे नाव बहुधा सापडत नाही. त्याच्या पणतूच्या हातातले पुस्तक हीच त्या नावाची नोंद.