उधानू म्हणजे तीन

आमच्या बासरच्या घरात जेवायला बसलं की चार भाषा ताटाभोवती असतात. घरची मराठी, बाजारातली तेलुगू, दख्खनी उर्दू आणि लेकाची मोबाईलवरची. परवा दिवस मावळायच्या आत आम्ही जेवत होतो, तेवढ्यात तो मित्राला फोनवर म्हणाला, "मामा, केक!" सासूबाईंनी विचारलं, "कुणाचा वाढदिवस रे?"

तेलुगू पोरांत दोस्ताला मामा म्हणतात आणि 'केक' म्हणजे लई भारी. आपल्या मराठीत मात्र 'मामा बनवला' म्हणजे फसवला. रेल्वेनं पुढं धर्माबादला उतरलं की बासरचा दोस्त फसलेला माणूस होतो!

"ही काय भाषा झाली?" सासूबाई म्हणाल्या. मी गप्प बसले. कारण आपल्या व्यापाऱ्यांत याहून चोरटी भाषा होऊन गेली. तिचं नाव नंदभाषा. केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, मुळू पाच, अंगुळू दहा. गिऱ्हाईक समोर असतानाच आपसात भाव ठरवायचा, त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. ही भाषा जुनी आहे. नामदेवांचे गुरू, औंढा नागनाथचे विसोबा खेचर. त्यांच्या नावावरच्या एका अभंगात शंकराची तोंडं, डोळे आणि हात याच आकड्यांनी मोजले आहेत.

परदेशातही असंच घडलं. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटलीहून माणसं पोटासाठी आली. त्यांच्या आणि तिथल्या गरीब वस्त्यांच्या बोलीतून 'लुन्फार्दो' तयार झाली. कामाला इटालियन शब्द 'लावोरो', त्याचा तिथं 'लाबुरो' झाला. शब्द उलटे करायचीही खोड, 'टँगो'चं 'गोटान'. आपण लहानपणी 'च'ची भाषा बोलायचो ना, तसंच. आपल्या 'नको'चा दख्खनीत 'नक्को' झाला, तोही असाच शेजारानं. पण एक फरक आहे. लुन्फार्दो खालच्या माणसांची. आपली नंदभाषा गादीवर बसणाऱ्यांची.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या कापडाच्या दुकानात ती अजून चालायची. एकदा अर्थ विचारला, तर घरातली मोठी माणसं म्हणाली, "बायकांना काय करायचंय?" मग मी पडद्याआड बसून शिकले. 'उधानू' म्हटलं की मुनीमजी तीन ठाण काढायचे. मी बोटं मोजायची.

मनात मात्र एक सल राहिला. आपण सत्याचं अणुव्रत घेतो. दुकानात कुणी खोटं बोललं नाही, हे खरं. पण खेड्यातून आलेल्या बाईला खरा भाव कळू दिला नाही, हेही खरं. जे तिच्यापासून लपवलं, तेच माझ्यापासूनही लपवलं. लेकाच्या 'मामा'त निदान कुणाचं नुकसान नाही.

त्या दिवशी जेवण झाल्यावर मी हे सगळं लेकाला सांगत होते. म्हटलं, "ओळख बरं, उधानू म्हणजे किती?"

तो विचार करत राहिला. ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या सासूबाई म्हणाल्या, "तीन."

इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात वावरलो. दोघींनाही येत होतं, आणि दोघीही एकमेकींपासून लपवत होतो.